थंड पडलेला बोर्ड

१

चौथी फ्लॉपी आत गेली आणि यंत्राने कानशीने पत्रा घासावा तसा आवाज काढला. पडद्यावरचे आकडे एकाएकी विस्कटले. त्यांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं, अर्धीमुर्धी अक्षरं असा कचरा पसरला आणि तोही जागच्या जागी थिजला.

अनुपमाने फ्लॉपी बाहेर ओढून खिडकीच्या उजेडात धरली. काळ्या चकतीवर केसाएवढी गोल रेघ उमटली होती.

"ही गेली, काकू."

"कोणती होती?" जयमालाबाईंनी विचारलं.

"एकोणनव्वद साल. जानेवारी ते जून."

जयमालाबाई खुर्चीत मागे टेकल्या. एकोणनव्वद सालच्या एप्रिलमध्ये, एक तारखेला, अंगात ताप असताना त्या जळगाव जामोदच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये जाऊन बसल्या होत्या. एक्केचाळीस विहिरींचे आकडे त्यांनी तसेच कण्हत कण्हत उतरवून घेतले होते. ते आता त्या रेघेखाली गेले.

हा उद्योग मूळचा भगवानराव सरांचा. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता सरांच्या मनाने घेतलं, की सातपुड्याच्या पायथ्यापासून पूर्णेच्या काठापर्यंत विहिरींचं पाणी किती खाली जातं आणि किती खारं होतं, हे दर महिन्याला टिपायचं. गावोगावचे लोक एक तारखेला फोन करत, ऑपरेटर जयमालाबाई आकडे चिठ्ठीवर घेत, सर ते आपल्या कॉम्प्युटरमध्ये भरत. सत्याऐंशीपासून दोन हजार चारपर्यंत, एकही महिना न चुकता. चिठ्ठ्या आणि वह्या वाळवीने खाल्ल्या. सर सहा वर्षांपूर्वी गेले. उरल्या चौतीस फ्लॉप्या, आणि त्या वाचू शकणारं जगातलं एकमेव यंत्र, सरांनी स्वतः जुळवलेलं, वाचनालयाच्या मागच्या खोलीत.

नागपूरहून भूजलाचा अभ्यास करणारी अनुपमा ते आकडे उतरवून घ्यायला आली होती. संध्याकाळी सातला तिची मलकापूरहून गाडी होती. सोमवारी खोली अभ्यासिकेला द्यायची आणि यंत्र पुण्याच्या कुणा संग्राहकाकडे पाठवायचं, असा ठराव झालेला. जे व्हायचं ते आजच.

"गणेश," जयमालाबाई म्हणाल्या, "तू त म्हणे आता काही बिघडणार नाही."

मोबाइल-दुरुस्तीवाल्या गणेशने झाकणाच्या दोन्ही कड्या दाबल्या, झाकण उचललं आणि आत पाहतच राहिला.

"ताई, हा बोर्ड माहा नाही."

"म्हणजे?"

"म्या सोमवारी नवा बसवला होता. हा जुनाच हाये. नवा कोणं तरी काढून नेला!"

२

आता यात काय काय म्हणून ऐकायचं, असं जयमालाबाईंना झालं. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या लाइनी जोडल्या होत्या. माणूस मुद्द्याचं एक वाक्य बोलण्याआधी बिनमुद्द्याची दहा बोलतो, हा अनुभव तिथला. निवृत्तीनंतर तरी कान सुटतील असं वाटलं होतं, तर वाचनालयाच्या कार्यकारिणीवर घेतलं.

"अनुपमा, तू यंत्राले हात लावू नको. गणेश, मले सांग. थोडक्यात."

गणेशने जुना बोर्ड बाहेर काढला. हातभर लांबीच्या हिरव्या पट्टीवर चौसष्ट काळ्या चिपा ओळीने बसलेल्या.

"ही मेमरी. मशीन चालते तोवर जे काम चालू हाये ते इच्यात राह्यते. चाळीस वर्षांच्या चिपा झाल्या ना ताई ह्या. अर्धा तास चालल्या का तापतेत, मंग एखादी येडी होते अन् फ्लॉपीसकट सगळा इस्कोट. अशा जुन्या मशीनींसाठी हौशी लोक आता नवे बोर्ड बनवतेत. तसाच एक मागवला होता. तीनच चिपा, पण काम सारं तेच. अन् थंड किती! वर लोणी ठेवा, वितळणार नाही."

"सोमवारी मी इथंच होते. किती वाजता बसवला?"

"सोमवारी सकाळी दहाले. म्हटलं पाच दिवस सलग चालवून पाहू. मंगळवारी चारच्या बसनं मी मलकापूरले गेलो, बुधवारी रात्री आलो. काल शुक्रवारी सांजच्याले पुन्हा पाह्यलं. नवाच होता."

"झाकण उघडून पाह्यलं?"

"पाह्यलं म्हणजे पाह्यलंच ना ताई." गणेशने कान खाजवला. "म्हणजे चोरी काल रात्री झाली. अन् हे जाणत्याचं काम हाये. कड्या बराबर काढल्या, बोर्ड खाचेत बराबर बसवला. हे पाहा."

त्याने यंत्राच्या तळातून बोटावर काहीतरी उचललं. गुलाबी, बारीक चुरा.

"खोडरबर. बोर्डाची कड खोडरबरानं घासून बसवला. म्या कधीच घासत नाही, मी स्प्रे मारतो."

जयमालाबाईंनी झाकण उलटसुलट करून पाहिलं. वर मधोमध पांढुरका गोल डाग होता, तांब्याच्या बुडाएवढा. यंत्राच्या वर भिंतीवर बियाणं कंपनीचं भलंमोठं कॅलेंडर लटकत होतं. त्याच्यामागून सरांच्या अक्षरातल्या जुन्या पुठ्ठ्याची वरची ओळ तेवढी डोकावत होती : 'वापराचे नियम. १. पादत्राणे बाहेर काढावीत.'

"कुलूप?"

"शाबूत हाये. किल्ल्या दोनच. एक सचिवाजवळ, एक जनकाबाईजवळ. आता जनकाबाईचं काय, तिले टीव्हीचा रिमोट चालवता येत नाही."

३

पाहुणी येणार म्हणून अध्यक्ष महादेवराव आज सकाळीच येऊन पुढच्या दालनात वर्तमानपत्र उघडून बसले होते. चोरीची बातमी त्यांना कळली होती आणि त्यांनी ती मनावर घेतली होती, म्हणजे आवाज चढवला होता.

"पोलिसात देतो! जो कोणी चोर असन त्याले सोडत नाही! सांगून ठेवतो, जयमालाबाई!"

"देजा. आधी सांगा, तुमीच त यंत्र पुण्याले पाठवून राह्यले ना? आकडे निघाले नाहीत तर तुमाले काय, यंत्र जाईनच."

महादेवरावांचा चेहरा तांबडा झाला. "म्हणजे म्या चोरला? या वयात? अहो, मी रोज एकच्या ठोक्याले येतो, पेपर वाचतो, जनकाबाईच्या हातचं गिलासभर ताक पेतो अन् दोनले घरी. मागच्या खोलीत माहा काय संबंध? उलट या आठवड्यात तेही धड नाही. मंगळवारी ताक नाही, बुधवारी ताक नाही. पित्तानं जीव चाललेला, अन् बाई म्हणते दहीच लागलं नाही. गुरुवारी भेटलं तवा कुठं पोटात थंडावा आला."

"महादेवराव, मी बोर्डाचं इचारून राह्यले."

"अन् मी तेच सांगून राह्यलो!"

त्यांच्याशी आणखी पाच मिनिटं घालवून जयमालाबाईंच्या हाती त्यांच्या पित्ताचा पाच वर्षांचा इतिहास तेवढा लागला.

सचिव प्रज्वल जिन्यात सापडला, कानाला फोन. त्याने एक बोट वर करून 'थांबा' अशी खूण केली. जयमालाबाईंनी फोन काढून स्वतःच्या पिशवीत टाकला.

"ताई, महत्त्वाचा कॉल होता!"

"तुले ती खोली अभ्यासिकेले पाह्यजे. यंत्र बंद पडलं तर तुह्या पोळीवर तूपच पडते."

"सोमवारी भेटूनच राह्यली ना खोली! मी कायले दोन दिवसांसाठी चोरी करू?"

हे मात्र पटण्यासारखं होतं, आणि म्हणूनच जयमालाबाईंना त्याचा जास्त राग आला.

"या आठवड्यात मागच्या खोलीत गेला होता?"

"बुधवारी. अकरा वाजता, दहा मिनिटं. टेप लावून खिडकी मोजली. फोनवरच होतो. जनकाबाई काहीतरी बडबडत होत्या, मी हाव हाव म्हटलं."

"काय बडबडत होत्या?"

"मले काय माहीत? त्या रोजच बडबडतेत."

४

जनकाबाई मागच्या पडवीत फतकल मारून नादुरुस्त पुस्तकांचा गठ्ठा बांधत होत्या. वाचनालयात त्यांना बत्तीस वर्षं झाली होती. झाडणं, पुसणं, पुस्तकं लावणं, परत आलेल्या पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या खुणा खोडणं, फाटकी पुस्तकं महिन्यातून एकदा मलकापूरच्या गोकुळ बाइंडरकडे बसने पाठवणं, सगळं त्यांच्याकडे. सुतळीचं एक टोक दातात धरून त्या गाठ आवळत होत्या.

"जनकाबाई, ते ठेवा बाजूले. बोला माह्याशी."

"बारा पस्तीसची बस हाये. मी हातानं काम करतो, कानानं ऐकतो. बोला तुमी."

"मागच्या खोलीत कोणी परकं आलं होतं?"

"कोणीच नाही आलं."

"कोणं यंत्राले हात लावला?"

"मी सोडून कोणंच नाही. मी त रोजच लावतो."

"पुसाले, ते ठीक हाये. दुसऱ्या कोणं?"

जनकाबाईंनी वर पाहिलं, काहीतरी बोलावं की नाही याचा विचार केला आणि पुन्हा सुतळी ओढली.

जयमालाबाईंना झाकणावरचा गोल डाग आठवला. "यंत्रावर काय ठेवता तुमी?"

"मी? काहीच नाही!" हे फार लवकर आलं. "गणेशनं सोमवारीच तमाशा केला, का म्हणे मशीनवर काही दिसलं तर अध्यक्षाले सांगीन. मी कायले ठेवू? दही मी घरीच लावतो."

"दह्याचं म्या इचारलंच नाही, जनकाबाई."

जनकाबाईंनी गाठ मारली, गठ्ठा कंबरेवर घेतला, पायात चपला सरकवल्या. "बस चुकली तर गठ्ठा महिनाभर पडून राह्यते. मंग तुमीच बोंबलसान."

आणि त्या निघूनही गेल्या. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

५

जयमालाबाई मागच्या खोलीत परत आल्या. अनुपमा फ्लॉप्यांच्या डब्यावर हात ठेवून बसली होती.

"काकू, जुन्याच बोर्डावर करून बघू का? वीस मिनिटं चालवायचं, तासभर थंड करायचं?"

"तीस फ्लॉप्या राह्यल्या. सातची गाडी. अन् त्यानं मधीच दगा देला तर आणखी एक जाईन. नाही."

त्यांनी झाकण यंत्रावर ठेवलं आणि त्यावर तळवा टेकवला. सकाळच्या अर्ध्या तासाची ऊब अजून होती. त्या उबेवरून त्यांना महादेवरावांचं ताक आठवलं. मग त्यांना स्वतःचाच भयंकर राग आला.

"गणेश! प्रज्वल! इकडं या!"

दोघं आले. मागून महादेवरावही आले.

"दही यंत्रावर लागत होतं," जयमालाबाई म्हणाल्या. "जानेवारीच्या गारठ्यात दुपारी बाराले, दूधवाला येऊन गेल्यावर, लावलेलं दही सांजपर्यंत एरवी लागत नाही. झाकण गरम म्हणून लागायचं. दुसऱ्या दिवशी महादेवरावाले ताक. आता पाहा. सोमवारी गणेशनं थंड बोर्ड बसवला, दही लागलं नाही, मंगळवारी ताक नाही. मंगळवारीही लागलं नाही, बुधवारी ताक नाही. गुरुवारी ताक भेटलं. म्हणजे बुधवारी दुपारी यंत्र पुन्हा गरम होतं. म्हणजे जुना बोर्ड बुधवारी बाराच्या आत परत बसला होता. गणेश, तू शुक्रवारी नवा बोर्ड पाह्यला, तो कुठून पाह्यला?"

गणेशने पुन्हा कान खाजवला. "पडद्यावर पाह्यलं, ताई. मशीन चालू होती. म्हटलं कायले उघडा लागते."

"शाबास. तुह्या त्या एका थापेनं आमी सकाळपासून शुक्रवारची रात्र शोधून राह्यलो."

"बुधवारी तर मी मलकापुरात होतो!"

"हो. महादेवराव एकाच्या आत येत नाहीत. राह्यला प्रज्वल. बुधवारी अकरा वाजता, किल्ली घेऊन."

"ताई!"

जयमालाबाईंनी जुना बोर्ड त्याच्या हातात दिला. "बसव."

प्रज्वलने बोर्ड उभा धरला, आडवा धरला, उलटा करून यंत्राच्या मागच्या बाजूला नेला आणि म्हणाला, "याचं चार्जिंग कुठं आहे?"

"दे इकडं," जयमालाबाई म्हणाल्या. "आता राह्यलं एकच माणूस. म्या सोताच इचारलं, यंत्राले कोणं हात लावला? तिनं सांगतलं, मी सोडून कोणंच नाही. तीस वर्षं कानाचं काम केलं, अन् हे वाक्य माह्या कानावरून गेलं. खोडरबर कोणाच्या टेबलावर राह्यते?"

"जनकाबाई?" महादेवराव म्हणाले. "ती झाडणारी बाई? तिले काय समजते यातलं?"

जयमालाबाईंनी कॅलेंडर खिळ्यावरून उचललं. मागचा पुठ्ठा पिवळा पडला होता, पण सरांचं अक्षर सुवाच्य होतं.

'२. यंत्र रोज दहा ते सात चालू ठेवावे.

३. झाकणास हात लावून पाहावा. कोमट असल्यास यंत्र ठीक. थंड लागल्यास बोर्ड गेला असे समजावे. कपाटातील दुसरा बोर्ड कड खोडरबराने घासून बसवावा.

४. काढलेला बोर्ड नादुरुस्त पुस्तकांच्या गठ्ठ्यात मलकापूरला पाठवावा. गोकुळ बाइंडर शेजारच्या रेडिओ दुरुस्तीत देईल.'

"ते रेडिओचं दुकान त आठ वर्षांपूर्वी बंद पडलं," गणेश म्हणाला.

"तिले कोणं सांगतलं?" जयमालाबाईंनी घड्याळ पाहिलं. बारा अठ्ठावीस. "गणेश, गाडी काढ!"

६

बस फलाटावर घरघरत उभी होती. जनकाबाई ड्रायव्हरच्या खिडकीखाली, आणि गठ्ठा कंडक्टरच्या सीटमागे. गणेशच्या मोटारसायकलवरून उतरताना जयमालाबाईंचा पदर स्टँडला अडकला, तो सोडवेपर्यंत कंडक्टरने घंटी मारली.

"थांबवा! गठ्ठा उतरवा!"

"बाई, टाइम झाला."

"उतरवू नका हो," जनकाबाई म्हणाल्या. "गठ्ठा नियमानं निघाला. एकदा बांधला का सचिवाच्या सहीबिगर सुटत नाही."

जयमालाबाईंनी डोळे मिटून घेतले. "जनकाबाई, बोर्ड तुमी काढला?"

"हाव. बुधवारी सकाळी. दोन दिवस वाट पाह्यली, म्हटलं नवा हाये, तापन हळूहळू. थंडगार मढं! नवाच पण गेलेला. मंग सरांनी शिकवलं तसा जुना बसवला. सरांच्या संगं चाळीस खेपा केलं असन म्या हे काम."

"अन् सकाळपासून सांगतलं काऊन नाही?"

"तुमी इचारून राह्यले, चोरला कोणं? चोरी त झालीच नाही, मी काय सांगू? अध्यक्ष पोलीस पोलीस करून राह्यले, गणेश दह्यावर टपलेला. अन् म्या सांगतलं ना प्रज्वलभाऊले, बुधवारीच. हाव हाव म्हणे."

गणेश हसला. जयमालाबाईंनी त्याच्याकडे पाहिल्यावर थांबला.

"बाई, बस सोडू का?" कंडक्टर म्हणाला.

जयमालाबाईंनी पिशवीतून प्रज्वलचा फोन काढून जनकाबाईंच्या हातात ठेवला. "सहीच्या बदल्यात हा घ्या सचिवाचा फोन. सही सांजच्याले देते. मी कार्यकारिणीची सभासद हाये, जिम्मेदारी माही. आता सोडा ती गाठ."

जनकाबाईंनी फोन उलटून पाहिला, कमरेला खोचला आणि सुतळी सोडली. पाठ उसवलेल्या दोन कादंबऱ्यांच्या मधे, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेला, तळहाताएवढा हिरवा बोर्ड निघाला. त्याला सुतळीने चिठ्ठी बांधली होती : 'बोर्ड, नग एक. थंड.'

७

दुपारी सव्वाला नवा बोर्ड खाचेत बसला. कड खोडरबराने जनकाबाईंनीच घासली. गणेशने स्प्रे काढला होता, तो त्यांच्या नजरेने परत खिशात गेला.

मग एकेक फ्लॉपी आत जाऊ लागली. यंत्र कण्हत होतं, पण अडत नव्हतं. एकोणनव्वद, नव्वद, एक्क्याण्णव. पडद्यावरून गावं सरकत होती : आसलगाव, सुनगाव, मडाखेड, पिंपळगाव काळे. प्रत्येकापुढे पाण्याची खोली, मग खारेपणा. जयमालाबाई ओठातल्या ओठात वाचत होत्या. काही आकड्यांबरोबर त्यांना बोलणारा आवाजही ऐकू येत होता. मडाखेडचा दुकानदार आकडा सांगण्याआधी नेहमी खोकायचा.

जनकाबाई दर दहा मिनिटांनी येत, झाकणाला हात लावत, जयमालाबाईंकडे बघत.

"थंडच हाये."

"असू द्या."

साडेपाचला शेवटची फ्लॉपी बाहेर आली. चौतिसांपैकी तेहेतीस. अनुपमाने लॅपटॉप मिटून छातीशी धरला, जयमालाबाईंच्या पाया पडली आणि गणेशच्या मागे बसून मलकापूरच्या रस्त्याला लागली.

खोलीत दोघीच उरल्या. जनकाबाईंनी पुन्हा एकदा झाकणावर हात ठेवला.

"हा असा थंडच राह्यते?"

"असाच राह्यते. नव्याची तीच त खुबी हाये."

"मले कोणं सांगतलंच नाही," जनकाबाई म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. "सर असते त पहिलं मलेच सांगतलं असतं."

जयमालाबाई काहीतरी तिखट बोलणार होत्या. सकाळपासून तोंडाशी बरंच साठलं होतं. पण सोमवारी बोर्ड बसवताना त्या स्वतः याच खोलीत होत्या, आणि जनकाबाई दारात झाडू घेऊन उभ्या होत्या. नवा बोर्ड तापत नाही, हे गणेश एकट्या जयमालाबाईंना सांगत होता. 'जनकाबाई, थोडं बाजूले सरका, उजेड अडून राह्यला,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

त्यांनी भिंतीवरचा पुठ्ठा काढला. यंत्र परवा जाणार होतं. दोन, तीन, चार नियमांवर त्यांनी सरळ रेघ मारली. एक ठेवला. खाली, सरांच्या अक्षराला शोभेल असं जपून, लिहिलं :

'५. या खोलीतील कोणतीही वस्तू बदलण्याआधी जनकाबाईंना समोर बसवून सांगावे.'

पुठ्ठा त्यांनी परत खिळ्यावर टांगला. कॅलेंडर टेबलाखाली टाकलं.

जनकाबाईंनी बोट फिरवत ते दोनदा वाचलं. मग पुठ्ठा खिळ्यावरून उतरवला आणि काखेत मारला.

"आता कुठं चालल्या?"

"याच्यावर अध्यक्षाची सही नाही," जनकाबाई म्हणाल्या. "सहीबिगर नियम होत नाही."